गावाची दगड-मातीची वही: भूविविधता ओळखायला सुरुवात कशी करावी

गावातल्या झाडांची, पाखरांची, औषधी वनस्पतींची नोंद ठेवायची सोय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं करून दिली. त्यातून गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. त्याच गावातली टेकडी, ओढ्यातले रांजणखळगे, विहिरीच्या काठात दिसणारे थर, रानात वर येणारी चुनखडी यांची नोंद मात्र सहसा कुठेच नसते. मुरमासाठी टेकडी निम्मी कापली गेली की ती आधी कशी होती हे सांगणारा एकही कागद सापडत नाही. तोडलेल्या झाडाच्या जागी निदान दुसरं झाड लावता येतं.

दगड, खनिजं, माती, जीवाश्म, डोंगर-दऱ्यांचे आकार, जमिनीखालचं पाणी आणि हे सगळं घडवणाऱ्या प्रक्रिया यांच्या वैविध्याला भूविविधता म्हणतात. १९९२ मध्ये रिओला जैवविविधतेचा करार झाला आणि त्यानंतर भूशास्त्रज्ञांनी हा शब्द वापरायला सुरुवात केली. युनेस्कोनं २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला. दिवस साजरा करायला हरकत नाही, पण आपल्या गावापुरती वही करणं त्याहून उपयोगाचं आहे, आणि ते कुणालाही जमतं. शाळेत भूगोल आवडला नसेल तरीही.

सामान फार लागत नाही. एक जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मोजपट्टी, लांब दोरी, लोखंडी खिळा, लहान लोहचुंबक, एक लिंबू आणि फोनचा कॅमेरा. हातोडी मुद्दाम यादीत ठेवलेली नाही.

पहिली पायरी: घरातून निघा

पहिलं पान घरातच भरतं. स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा, माळ्यावर पडलेलं जातं, दाराचा उंबरा, अंगणातला धुण्याचा दगड, तुळशीवृंदावनाचा गेरू, दारातली रांगोळी. एकेका वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: कशाची आहे, कुठून आली, घरात कुणाला ठाऊक आहे. तिसरा रकाना महत्त्वाचा. जात्याचा दगड कुठल्या खाणीतला चांगला आणि त्याला टाकी लावायला (छिन्नीनं खरखरीत करायला) कोण यायचं, हे बहुधा आजीलाच माहीत असतं आणि ते विचारायचं राहून जातं.

या यादीत एक गोष्ट लगेच लक्षात येते. पाटा, जातं, उंबरा हे जवळपासचे. गणपतीची शाडू माती मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून येते. मूर्तीच्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं जिप्सम प्रामुख्यानं राजस्थानातलं. मीठ समुद्रकाठच्या आगरातलं. म्हणजे एका घराच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन-चार प्रदेशांची जमीन एकत्र आलेली असते. मुंबईकरांना हेच रस्त्यावर दिसेल. जुन्या दगडी इमारतींत स्थानिक मालाड दगड आहे आणि नक्षीकामाला सौराष्ट्रातून जहाजानं आणलेला फिकट पोरबंदर दगड. पहिला ज्वालामुखीतून आलेला, दुसरा चुनखडकाचा, कोरायला सोपा. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही वेगळे ओळखता येतात.

दुसरी पायरी: पायाखालचा दगड ओळखा

राज्याच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला, आणि असे थरावर थर साचले. पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला, या थरांची जाडी हजार मीटरहून कितीतरी जास्त आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नागपूर शहरात संपते. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची आहे, तर शहराच्या पूर्व भागाखाली त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. नागपूरकरांनी आपली वही याच सीमेपासून सुरू करावी, इतकी ती जागा मोलाची आहे.

‘सगळा काळाच तर दगड’ असं म्हणून पुढे जाऊ नका. काळ्या दगडातही निदान दोन जाती साध्या डोळ्यांना दिसतात. एक घट्ट, जड, निळसर काळा, ठोकला तर खणखणणारा. खडी, पाटा, मंदिराचे घडीव चिरे यासाठी हाच. दुसरा सच्छिद्र, ठिपक्याठिपक्यांचा. विहीर खोदणारी माणसं त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं साचली. हा दगड लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि त्यात पाणी थोडं अधिक मुरतं.

पांढरी खनिजं ओळखायला लिंबू आणि खिळा बाहेर काढा. थेंब टाकल्यावर बारीक फेस आला तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचं. फेस नाही आणि खिळ्यानं ओरखडाही उठत नाही, उलट त्याच्या कडेनं काचेवर चरा पडतो, तर गारगोटीच्या कुळातलं. फेस नाही, पण खिळ्यानं ओरखडा उठतो आणि पापुद्रे किंवा सुयांचे झुपके दिसतात, तर बहुधा झिओलाइट. महाराष्ट्रातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीत सापडलेलं निळंशार कॅव्हान्साइट हे खनिज जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा पाहून आलात तर ओढ्यातल्या दगडांकडे बघायची नजर पक्की होते.

लोहचुंबकाचा प्रयोग मुलांबरोबर करा. ओढ्याच्या कोरड्या वाळूतून तो फिरवला की काळे कण त्याला चिकटून येतात. बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटचे कण आहेत ते; दगड झिजून गेला तरी मागे उरलेले.

कोकणात आणि गोव्यात पहिलं पान जांभ्याचं होईल. लालसर, भोकाभोकांचा, मूळ खडकातले बाकीचे घटक पावसानं धुऊन नेल्यावर लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहून झालेला. खाणीतून ताजा काढला तेव्हा तासायला सोपा, उघड्यावर राहिला की टणक, म्हणून तिथं घरं चिऱ्याची. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात बेसॉल्टच्याही आधीचे खडक वर आलेले आहेत. चंद्रपूरला कोळसा, चुनखडक आणि वालुकाश्म, भंडारा-नागपूरकडे मँगनीज, गडचिरोलीत लोहखनिज. या जिल्ह्यांतल्या लोकांनी ‘महाराष्ट्राचा काळा पाषाण’ हे वर्णन बाजूला ठेवून स्वतःच्या जमिनीची यादी करावी. ती जास्त लांब होईल.

तिसरी पायरी: विहिरीच्या काठावर बसा

नवख्या माणसाला एकच जागा पाहायची असेल तर मी जुनी, न बांधलेली विहीर सांगेन. डोंगरकडा दूर असतो, नकाशा वाचायला शिकावा लागतो. विहिरीत मात्र वरची माती, तिच्याखालचा मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ असा सगळा क्रम एका नजरेत दिसतो. वरून फोटो काढा, आत उतरू नका. जुन्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो आणि कडा ढासळतात.

फोटो पाहत थरांचं चित्र वहीत काढा. कुठल्या थराखालून ओल दिसते, झरा कुठल्या उंचीवर फुटतो, तिथं खूण करा. काळ्या कातळाच्या आत पाणी जवळजवळ नसतंच. ते राहतं मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या, गेरूसारख्या चिकट मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग झिजून त्याची माती झाली आणि नव्या लाव्ह्यानं ती झाकली गेली. हा पट्टा पाणी सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला झरे फुटतात. गडांवरची टाकी आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांचे पाणवठे यांतले कितीतरी अशा सांध्यांवर आहेत.

एकाच गावात शेजारच्या दोन विहिरींपैकी एक बारमाही आणि दुसरी मार्चातच कोरडी, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं कारण नशिबावर टाकण्याआधी दोन्ही विहिरींची चित्रं शेजारी ठेवून पाहा. बोअर घेण्याआधी तर नक्कीच. अडीच-तीनशे फूट कातळात पैसे ओतल्यावर कळण्यापेक्षा शेजारच्या विहिरींनी आधी सांगितलेलं ऐकलेलं बरं.

आता मोजणी. कट्ट्यावर रंगानं एक खूण करा आणि दोरीला वजन बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, दर वर्षी त्याच खुणेपासून. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा हेच करते. तुमच्या तालुक्यातली निरीक्षण विहीर कुठली ते जिल्हा कार्यालयात विचारा आणि आपले आकडे तिच्याशी ताडून पाहा.

विहीर खोदणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या, दगड घडवणाऱ्या वडार आणि पाथरवट मंडळींशी बोलल्याशिवाय हे पान पुरं करू नका. दगड कुठल्या अंगानं फुटतो, आवाजावरून पोकळ कसा ओळखायचा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचं नाव मानानं वहीत लिहा.

चौथी पायरी: माती भिजवून पाहा

शेतातून, ओढ्याकाठावरून आणि माळावरून एकेक ओंजळ माती आणा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर; खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयट्याला, म्हणजे बारीक गाळाला, तास-दोन तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. बरणीवर पट्ट्यांच्या खुणा करा. तीन बरण्या शेजारी ठेवल्या की गावातल्या गावात जमीन किती बदलते ते घरातल्या पोरांनाही कळतं.

काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि पावसात फुगते. कापसाला, ज्वारीला तिची ओल धरून ठेवायची ताकद उपयोगी, पण त्याच फुगण्या-आकसण्यानं भिंती तडकतात आणि रस्ते खचतात. घर बांधताना जुनी माणसं मुरूम लागेपर्यंत पाया का नेत असत, ते यावरून कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी घरं पडली त्यांतली बहुतेक दगड आणि मातीच्या जाड भिंतींची, वर धाब्याच्या मातीचं ओझं असलेली होती. उन्हापासून संरक्षण देणारं ते बांधकाम जमीन हलल्यावर तग धरू शकलं नाही. घर कशाचं बांधायचं हा प्रश्न खालच्या जमिनीला विचारूनच सोडवावा लागतो, आणि लातूर-धाराशिवच्या माणसांनी त्याची फार मोठी किंमत दिली आहे.

कोकणात उलट. जांभा पाणी झटकन सोडून देतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर येतो तो त्यामुळेही. हापूसला हाच निचरा मानवतो. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, त्यात माती भरून कलम लावायचं, ही पद्धत जांभ्यानंच शिकवली.

बरणीच्या प्रयोगानं खतं किती घालायची ते कळत नाही. त्यासाठी माती परीक्षण करून मृदा आरोग्य पत्रिकाच घ्या आणि तिची प्रत वहीत चिकटवा.

पाचवी पायरी: टेकडी चढा, पण सावकाश

सह्याद्रीतला कुठलाही डोंगर बाजूनं पाहा. कडा, मग उतार, मग सपाटी, पुन्हा कडा. कडे घट्ट लाव्हाथरांचे, उतार मऊ थरांचे. मधल्या सपाट पदरावर वस्ती, शेत, पाणवठा आणि देवराई का असते ते इथं उलगडतं. समोरच्या डोंगराचं साधं रेखाचित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. कड्याच्या जागी गडद रेघ, उताराच्या जागी फिकट. तांबडा पट्टा दिसला तर रंगीत पेन्सिल वापरा. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूत तो पट्टा फार स्पष्ट दिसतो, मात्र त्यासाठी वळणावर गाडी थांबवू नका.

माथ्यावर पोचल्यावर झाडोरा पाहा. कासच्या पठारावर फुलं एवढी का फुलतात याचं उत्तर दगडात आहे. वर जांभ्याचं कवच, त्यावर बोटभर माती, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उन्हाळ्यात तापलेला उघडा कातळ. मोठं झाड तिथं मूळ धरू शकत नाही, म्हणून चार महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या छोट्या वनस्पतींना जागा मिळते. त्यांतल्या कित्येक सह्याद्रीबाहेर सापडत नाहीत. अशा उघड्या कातळ-पठारांना, म्हणजे सड्यांना, सरकारी कागदांत पडीक जमीन म्हटलं जातं आणि मग तिथं माती टाकून झाडं लावायचे कार्यक्रम होतात. हे थांबायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर तर माणसानं कोरलेली शेकडो कातळशिल्पं आहेत; कशेळीचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांबीचा आहे. चित्र काढायला एवढा मोठा सपाट, कोरण्याजोगा पृष्ठभाग मिळाला तो जांभ्यामुळे.

लेणी पाहायला जाल तेव्हाही हीच नजर न्या. कारागिरांनी कुठला थर निवडला, कुठं मऊ पट्टा लागला आणि काम सोडलं, पाणी कुठून पाझरतं, हे भिंतीवर दिसतं. वेरूळचं कैलास वरून खाली एकाच खडकातून कोरता आलं, कारण तिथं तेवढा जाड, सलग बेसॉल्ट होता.

उतारावर नव्यानं पडलेल्या भेगा, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर ते वहीत लिहून थांबू नका, लगेच तलाठी आणि तहसील कार्यालयाला कळवा. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी या दरडी कोसळण्याच्या दुर्घटना डोंगरउतारांवरच्याच आणि जुलैच्या पावसातल्याच.

सहावी पायरी: नदीचा तळ उन्हाळ्यात पाहा

एप्रिल-मे मध्ये पात्र उघडं पडतं. निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे फिरत राहून कातळ कोरत गेले. एवढे मोठे नसले तरी लहान खळगे अनेक ओढ्यांत सापडतात. त्यांची रुंदी-खोली मोजा, आतले गोटे आतच ठेवा. आणि वाळू किती उरली आहे तेही लिहा. वाळू गेली की पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवणारा थर गेला, आणि काठावरच्या विहिरी खाली जातात. तिसऱ्या पायरीतले विहिरींचे आकडे इथं पुरावा म्हणून कामाला येतात.

सातवी पायरी: नोंद कशी लिहावी

लांब वर्णनं नकोत. एका जागेला एक पान. नमुना असा:

‘म्हसोबाचा कडा. गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या उजव्या काठावर. गायरान. काळा घट्ट दगड, उभ्या भेगा, खाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा, त्यावर झरा. झरा होळीपर्यंत चालतो. गुराखी पाणी पितात. कड्याच्या भेगांत मधमाश्यांची पोळी. मुरमासाठी उत्तरेकडून खोदकाम सुरू. फोटो तीन.’

फोटोत मोजपट्टी किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळतो. जागेचं नाव गावातलंच लिहा. वापर लिहायला विसरू नका: कुंभार माती कुठून नेतात, शिरगोळे (रांगोळीचे पांढरे दगड) कुठं मिळायचे, पोळ्याला बैल कुठल्या डोहात धुतात. या नोंदींमुळेच वहीत गाव येतं.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं स्थलदर्शक पत्रक वापरा. भूशास्त्रीय नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘भुकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं तालुक्याच्या पातळीवर काय नोंदलंय ते आधी बघा, मग आपली निरीक्षणं त्यावर चढवा. नकाशात गावाचा एकच रंग असेल आणि तुमच्या वहीत पाच प्रकारच्या जागा, तर गोंधळू नका. नकाशा मोठ्या प्रदेशासाठी असतो.

वीस-पंचवीस पानं झाली की ग्रामसभेत वाचा. लोक जैवविविधता नोंदवही असेल तर पुरवणी म्हणून जोडायची विनंती करा. जैवविविधता व्यवस्थापन समितीला झऱ्याचा आणि सड्याचा संबंध समजावून सांगितला तर ती नाही म्हणत नाही असा माझा अनुभव आहे. एखादी जागा खरोखर दुर्मीळ वाटली तर जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र किंवा भूगोल विभागाला दाखवा. लोणारचं विवर, महाबळेश्वर-पाचगणीचे लाव्हाथर यांची दखल देशानं घेतली. पाचगणी-महाबळेश्वर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेलं. तुमच्या ओढ्याची दखल मात्र आधी तुम्हालाच घ्यावी लागणार.

काय करू नये

गड, लेणी, मंदिरं आणि कातळशिल्पांच्या जागी काहीही फोडू, खरवडू नका. खडूनं रेषा गिरवणंही नको. सुटा पडलेला दगडही संरक्षित स्मारकाच्या आवारातून उचलायचा नसतो. वनखात्याच्या जमिनीत आधी परवानगी घ्या, खाजगी रानात मालकाला विचारा. चालू दगडखाणीत सुरुंगाच्या वेळा विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. स्फटिक किंवा जीवाश्म सापडले तर फोटो काढा, वहीत लिहा, पण नेमकं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका. आठवड्यात तिथं पहारी घेऊन माणसं येतात. ते पान ग्रामपंचायतीकडे द्यायच्या प्रतीतून वेगळं काढा आणि फक्त विद्यापीठातल्या जाणकाराला दाखवा.